घड्याळाची साक्ष



शेताच्या बांधावरून वाद पेटला की आपण मोजणी मागवतो. मोजणीदार येतो, जुन्या खुणेचे दगड हुडकतो, आणि हल्ली तो साखळी ओढत बसत नाही. काठीवर रोव्हर नावाचे यंत्र लावून उभे करतो. ते यंत्र आभाळातल्या उपग्रहांचे संदेश ऐकते आणि आपण नेमके कोठे उभे आहोत हे सांगते. आज मी ज्या वादाविषयी बोलणार आहे तो बांधाचा नव्हे, शर्यतीचा आहे. पण साक्षीदार मात्र हाच.

ट्रायथलॉन हे नाव तुमच्यापैकी काहींच्या कानावर आले असेल. आधी पोहायचे, मग सायकल हाकायची, मग धावायचे, आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. हवाई बेटांवर १९७८ साली याची लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली. तिला आयर्नमॅन म्हणतात. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धाव! २००० साली सिडनीला ट्रायथलॉनचा छोटा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली आयर्नमॅनची अर्ध्या पल्ल्याची शर्यत झाली, तेव्हा हा खेळ आपल्या उंबऱ्याशी आला असे म्हणायला हरकत नाही.

आता तुम्हीच विचार करा. एवढा लांब रस्ता, शेकड्यांनी माणसे, दिवसभर चाललेली शर्यत. कोपऱ्याकोपऱ्यावर पंच कोठून आणणार? अमका गडी सगळा रस्ता खरोखर धावला, हे कोणी सांगायचे?

बोस्टन शहराची मॅरॅथॉन पुरातन आणि मानाची. १९८० साली तेथे रोझी रुईझ नावाची बाई स्त्रियांत पहिली आली. वेळ २ तास ३१ मिनिटे ५६ सेकंद. गळ्यात पदक पडले, डोक्यावर पानांचा मुकुट चढला. पण वाटेतल्या पंचांना ती दिसल्याचे आठवेना. मागाहून लोक सांगू लागले की ही बाई शेवटच्या टप्प्यात गर्दीतून रस्त्यावर आली. आठ दिवसांनी तिचा निकाल रद्द झाला आणि कॅनडाच्या जॅकलिन गारो हिला पहिले ठरवण्यात आले. पदक मिळाले खरे. पण त्या दिवशीची शेवटची दोरी, ते टाळ्या वाजवणारे लोक, ते काही आठ दिवसांनी परत देता येत नाही. लबाडीने कोणाचे काय गेले असे विचारणाऱ्याला मी गारोचे नाव सांगतो.

पुढे घोट्याला बांधायची चिप आली. ठरावीक जागी रस्त्यावर पट्ट्या अंथरतात; पट्टीवर पाय पडला की चिपचा नंबर आणि वेळ नोंदली जाते. या पट्ट्या म्हणजे बांधावरचे खुणेचे दगडच समजा. पण दोन दगडांच्या मध्ये काय झाले हे दगड सांगत नाही! २०१५ साली कॅनडातल्या व्हिस्लर गावी आयर्नमॅन झाली. चाळिशीच्या गटातली विजेती म्हणाली, माझी चिप वाटेत पडली. तिने आपल्याला मागे टाकल्याचे बरोबरीच्या बायकांना आठवेना. मग छायाचित्रे, वेळा, जबान्या असा सगळा मेळ घालून आयोजकांनी तिला बाद केले. तिने शेवटपर्यंत आरोप नाकारला. साक्षीपुरावा तुकड्यातुकड्यांचा असला म्हणजे असे होते: निकाल लागतो, पण बोलणे संपत नाही.

मनगटावरचे जीपीएस घड्याळ येथे कामाला येते. त्याची युक्ती सोपी आहे. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरतात, आणि प्रत्येकजण ‘आता किती वाजले, मी कोठे आहे’ एवढेच सारखे सांगत असतो. संदेश सेकंदाला ३ लक्ष किलोमीटर वेगाने येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते. चार उपग्रहांचे अंतर मिळाले की जागा पक्की. घड्याळ ही जागा दर सेकंदाला किंवा काही सेकंदांनी लिहून ठेवते. म्हणजे दोन दगडांच्या मधली सगळी वाट कागदावर आली.

एप्रिल २०२३ मध्ये इंग्लंडात मँचेस्टर ते लिव्हरपूल ५० मैलांची धाव झाली. तिसऱ्या आलेल्या नामवंत धावपटूच्या नोंदीत एक मैल १ मिनिट ४० सेकंदांत पार पडलेला दिसला. हिशेब करा: ताशी सुमारे ५८ किलोमीटर. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाचा वेगही ताशी ४५ च्या पुढे गेलेला नाही. सुमारे अडीच मैल ती मोटारीत बसली होती. पाय दुखत होता, आपण पंचांना सांगितले होते, लपवायचा हेतू नव्हता, असे तिचे म्हणणे. तरी १२ महिन्यांची बंदी आली. मला वाटते, तिचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. घड्याळ मोटार दाखवते, मन दाखवत नाही.

आणि घड्याळालाही फसवता येते बरे का! अमेरिकेत फोर्ट लॉडरडेल येथे २०१७ साली अर्धमॅरॅथॉनमध्ये एक बाई दुसरी आली. अंतर १३.१ मैलांचे. तिने पुराव्यासाठी घड्याळाची नोंद लोकांपुढे ठेवली. पण त्या नोंदीतली पावले धावणाऱ्याची वाटेनात. शेवटी शर्यतीनंतरच्या एका छायाचित्रात तिच्या मनगटावरचा आकडा मोठा करून वाचला: ११.६५ मैल! वाट तोडून पुढे आलेल्या बाईने मागाहून तोच रस्ता सायकलवरून फिरून नोंद तयार केली होती. तिने चूक कबूल केली. म्हणून नोंद तपासायची तर नुसती वाट पाहून भागत नाही. पावलांचा ठेका, छातीचे ठोके, चढउतार आणि घड्याळातली तारीखवेळ यांचा एकमेकांशी जमाखर्च जुळला पाहिजे.

या साक्षीदाराचे काही जन्मजात दोषही आहेत. हा संदेश पाण्यात शिरत नाही. पोहताना हात बुडाला की घड्याळ आंधळे होते, हात वर आला की अंदाज बांधते. मग सरळ पोहणाऱ्याची वाट नागमोडी उमटते. पोहण्यापुरता होडीतला पंच आणि काठावरची पट्टीच खरी. उंच इमारतींत किंवा घाटात नोंद भरकटते. रोव्हरला ठाण्यावरून दुरुस्ती मिळते म्हणून तो बोटांच्या मापात बोलतो. मनगटावरच्या घड्याळाची चार-पाच मीटरची चूक उघड्या माळावरसुद्धा गृहीत धरावी. शिवाय अधिकृत रस्ता सर्वांत जवळच्या वळणाने मोजतात, आणि धावणारा वळणे रुंद घेतो. त्यामुळे मॅरॅथॉनमध्ये घड्याळाने दोन-तीनशे मीटर जास्त दाखवले तर त्यात नवल नाही. दोन किलोमीटर कमी दाखवले तर मात्र विचारावे. आणि ज्याच्याजवळ घड्याळच नाही, किंवा ज्याची बॅटरी संपली, त्याला त्यावरून लबाड ठरवू नये.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना हे दाखवायला फारसा खर्च नाही. मैदानावर टेपाने मोजून २०० मीटरची फेरी आखा. दोन फोन दोन मुलांच्या हाती द्या, दहा फेऱ्या मारायला लावा आणि दोघांचे आकडे फळ्यावर लिहा. ते जुळणार नाहीत. का जुळत नाहीत हे मुलांनाच शोधू द्या. आणि शाळेची लांब धाव असेल तेव्हा परतीच्या वळणावर एक जाणता मुलगा बसवा. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटात त्याने रबर घालावे. कोणत्या रंगाचे ते आधी कोणाला सांगू नये. त्याच्या वहीत नंबराबरोबर वेळही लिहून घ्या. नुसता नंबर पुरत नाही.