हातचा एक

मी गणिताला भिऊन बी.ए. झालो. माझ्या वहीत ‘बी.ए.’ या शब्दापुढे तसे लिहूनच ठेवले आहे: गणितापासून माणसाला जास्तीत जास्त जितके लांब जाता येते, ते अंतर. यात आमच्या गुरुजींचा दोष नाही. ते चांगले शिकवत. मी बेरीज करताना हातचा विसरायचो, आणि ते माझ्या बोटावर खडू टेकवून म्हणायचे, “अरे, हातचा कुठे ठेवलास?”

वही म्हणजे माझा खासगी शब्दकोश. अमेरिकेत ॲम्ब्रोज बिअर्स नावाच्या पत्रकाराने असल्याच तिरकस व्याख्यांचा कोश १९११ साली छापला आणि त्याला सैतानाचे नाव दिले. माझा कोश रिकाम्या माणसाचा. २४ मार्च २०२० च्या रात्री एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा घरात कोरी म्हणून एकच वही होती, तीही निम्मी. पुढच्या पानांवर बायकोचा दुधाचा हिशेब, मागून माझ्या व्याख्या.

पहिले शब्द अर्थातच त्या दिवसांचे. ‘मास्क: हनुवटीला थंडी वाजू नये म्हणून लावायचे फडके.’ मग धन आणि ऋण. शाळेत धन म्हणजे जवळ असलेले आणि ऋण म्हणजे देणे, इतके मला समजले होते. २०२० साली तेही उलटले. शेजारच्या घरात चौघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले, तर त्यांनी पेढे वाटले, दाराच्या कडीला पिशवी अडकवून! फोन लावला की ‘दो गज की दूरी’ ऐकू यायचे. अम्मीला ती घोषणा मुळीच आवडली नाही. म्हणाली, “हे माप आपल्याकडे एकाच कामाला वापरतात.” मी वहीत लिहिले: ‘दोन गज: जिवंतपणी दोघांच्या मधली जागा, नंतर एकाची.’ तिला वाचून दाखवले नाही.

‘क्वारंटाईन’ हा शब्द मुळात व्हेनिसचा. प्लेगच्या काळात जहाजांना बंदराबाहेर चाळीस दिवस थांबवत, त्या चाळिसावरून आलेला. आमच्याकडे बाळंतिणीचे चाळीस दिवस असतात, सूफी चाळीस दिवस एकांतात बसतो, माणूस गेला की चाळिसावा करतात. म्हणजे सगळ्याच दारांवर चाळीसच्या आकड्याचा पहारा. आपल्या सरकारने मात्र चौदाच दिवस दिले आणि डाव्या हातावर शिक्का मारला. माझी व्याख्या: ‘घाऊकात घेतल्यामुळे मिळालेली सूट.’

एवढ्यात पुण्याहून मुलगा आणि सून आपापले लॅपटॉप घेऊन आले आणि माझा कोश एकदम श्रीमंत झाला. ‘वर्क फ्रॉम होम: पूर्वी माणूस घरातून कामाला जाई, आता काम घरी आले, पाहुण्यासारखे आले आणि जावयासारखे बसले.’ ‘समांतर रेषा: एका पलंगावर दोन लॅपटॉप घेऊन बसलेले नवरा-बायको.’ अशा रेषा अनंतात भेटतात असे म्हणतात. आमच्याकडे त्या चार्जरपाशी भेटत. गुरुजींच्या त्रैराशिकात एका मजुराला भिंत बांधायला दहा दिवस लागत असतील, तर दहा मजुरांना एकच लागायचा. मुलाच्या ऑफिसात दहा जणांनाही दहाच दिवस लागत, कारण नऊ जण मीटिंगमध्ये असत. आणि तो हौद आठवतो ना, एका नळाने भरणारा, दुसऱ्याने रिकामा होणारा? तो हौद म्हणजे पगार. भरणारा नळ महिन्यातून एकदाच सुटतो, दुसऱ्याचे नाव ईएमआय.

एका व्याख्येवर मात्र घरात कुणी हसले नाही. ‘काळ, काम, वेग: हे तिन्ही एकाच पाठीवर घेऊन दुचाकी हाकणारा पोरगा.’ त्याला कोण पळवतो असे मी मुलाला विचारले. तो म्हणाला, “अल्गोरिदम.” हा तर आमच्या जुन्या ओळखीचा निघाला! नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मी नावाचे गणिती होते. हिंदुस्थानी अंकांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे युरोपने लॅटिनमध्ये त्यांच्या नावाचा जो उच्चार केला, त्यातून हा शब्द झाला. त्यांच्याच दुसऱ्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल्-जब्र’चा ‘अल्जिब्रा’ झाला. जब्र म्हणजे मोडलेले पुन्हा जोडणे. स्पेनमध्ये हाडवैद्यालाही ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. एकाच माणसाकडून आपण दोन शब्द घेतले: एक हाड जोडणारा, दुसरा बिनचेहऱ्याचा मुकादम. मला पहिला जास्त आवडला असता, पण बीजगणितात मला शंभरपैकी अकरा होते.

त्याच पावसाळ्यात गुरुजी गेले. कोरोनाने नव्हे, वयाने. अंत्यविधीला विसांपेक्षा जास्त माणसे नकोत असा नियम होता. गुरुजींच्या हाताखालून निम्मा तालुका गेलेला, त्यातले वीस निवडायचे म्हणजे कसले गणित! मी पोचलो तेव्हा स्मशानाच्या फाटकाशी एक हवालदार बोटाने मोजत होता. मोठ्या अदबीने म्हणाला, “साहेब, वीस झाले. तुम्ही एकविसावे.” त्याचे काय चुकले? मी लिंबाखाली उभा राहिलो. पाऊस होता, आणि ओल्या लाकडांचा धूर खाली खाली येत होता. त्या धुरात मला उगीच वाटत राहिले, आता कुणीतरी खडू टेकवील.

रात्री वही उघडली. ‘हातचा: ज्या रकान्यात मावत नाही, त्याच्या बाहेर धरून ठेवलेला.’ पुढे काहीतरी विनोदी लिहायचे होते, ते सुचले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वही तिथेच थांबली आणि बायकोने उरलेल्या पानांवर पुन्हा दूध लिहायला सुरुवात केली.

गुरुजींच्या घरी जायला मला दोन वर्षे लागली. २०२२ च्या दिवाळीत गेलो. काकूंनी चकल्या पुढे ठेवल्या, बराच वेळ मुलाबाळांचे विचारले. मग म्हणाल्या, “तू त्या दिवशी आला नव्हतास ना रे?”

“आलो होतो, काकू. फाटकाबाहेर होतो.”

त्या जरा थांबल्या. चाळीस वर्षे गणिताच्या मास्तरांच्या घरात काढलेली बाई.

“आम्ही सगळ्यांना वीसच सांगत होतो,” त्या म्हणाल्या. “एकवीस होते तर.”