श्वसनरोगाची साथ आणि मूत्रपिंडाचे संकट
(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



इन्फ्लुएन्झाचा विषाणू फुप्फुसांवर आघात करतो, हे सर्वपरिचित आहे. तथापि, अतिदक्षता विभागातील रुग्णाचे भवितव्य अनेकदा त्याच्या मूत्रपिंडांवरही अवलंबून असते, याची जाणीव तितकीशी व्यापक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी एच१एन१ इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ जाहीर केली. भारतातील पहिला मृत्यू त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात नोंदला गेला. या साथीत व्हेंटिलेटरवर असलेल्या अनेक रुग्णांच्या मूत्रपिंडांचे कार्य ढासळल्याचे निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांना आढळले. २०२० पासूनच्या कोविड-१९ साथीत हाच अनुभव कितीतरी मोठ्या प्रमाणावर आला.

मूत्रपिंडांना इजा का होते?

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे एकपंचमांश रक्त मूत्रपिंडांकडे जाते. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव तेथे गाळला जातो. त्यातील बहुतांश परत शोषला जाऊन अवघी दीड लिटरच्या आसपास लघवी तयार होते. या शोषणासाठी मोठी ऊर्जा लागते. म्हणूनच रक्तपुरवठा किंवा प्राणवायू कमी पडला की मूत्रनलिकांच्या पेशींना लवकर इजा पोहोचते.

गंभीर रुग्णात अशी कारणे एकत्र येतात. जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यास रक्तदाब घसरतो. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतून उसळणारा दाह सूक्ष्म रक्तवाहिन्यांना बाधा पोहोचवतो. व्हेंटिलेटर प्राण वाचवतो. परंतु त्यामुळे छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही घटतो. इन्फ्लुएन्झात क्वचित स्नायूंच्या पेशी फुटतात व त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रनलिकांना घातक ठरते. काही प्रतिजैविकांचा मूत्रपिंडांवर होणारा दुष्परिणाम त्यात भर घालतो. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्यांना धोका अधिक असतो.

उपचारातील पेच

रक्तदाब टिकवण्यासाठी शिरेतून द्रव द्यावा लागतो. पण तो जास्त झाला तर सुजलेल्या फुप्फुसांत पाणी साठते व श्वसन आणखी खालावते. द्रव फारच कमी ठेवला तर मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा तुटतो. शिवाय द्रवाचा अतिरेक मूत्रपिंडांनाही मानवत नाही. शिरांतील दाब वाढून त्यांनाही सूज येते. त्यामुळे दिलेला द्रव आणि बाहेर पडलेली लघवी यांचा ताळेबंद तासागणिक ठेवणे, हा उपचाराचाच भाग ठरतो.

निदानाचे निकषही याच नोंदीवर आधारलेले आहेत. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढीलपैकी कोणतीही एक बाब आढळल्यास मूत्रपिंडाची तीव्र इजा मानली जाते : रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढणे. सात दिवसांत ते मूळ पातळीच्या दीडपट होणे. किंवा सलग सहा तास लघवीचे प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी ०.५ मिलिलिटरपेक्षा कमी राहणे. म्हणजेच ६० किलो वजनाच्या रुग्णाला सहा तासांत १८० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी झाली, तर तो धोक्याचा इशारा होय. क्रिएटिनिन उशिरा वाढते. लघवीची नोंद मात्र पुष्कळदा आधी सावध करते.

इजा झालेले मूत्रपिंड तत्काळ बरे करणारे औषध उपलब्ध नाही. कारण दूर करणे, घातक औषधे टाळणे आणि उरलेल्या औषधांच्या मात्रा बदलणे एवढेच हाती असते. इन्फ्लुएन्झावरील ओसेल्टामिविरची मात्राही अशा वेळी कमी करावी लागते. रक्तातील पोटॅशियम किंवा आम्लता धोकादायक पातळीवर गेल्यास, अथवा साठलेले पाणी औषधांनी उतरत नसल्यास डायलिसिस अपरिहार्य ठरते.

आरोग्यव्यवस्थेपुढील प्रश्न

पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस देणे हा त्याचा उद्देश आहे. मात्र या सेवेचा मुख्य लाभ नियमितपणे केंद्रात येऊ शकणाऱ्या जुनाट रुग्णांना होतो. व्हेंटिलेटरवरील रुग्णाला हलवणे जोखमीचे असते; त्याच्या खाटेजवळच यंत्र, शुद्ध पाणी आणि प्रशिक्षित परिचारिका लागतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानात पाच लाखांहून अधिक लोकसंख्येच्या जिल्ह्यांत अतिदक्षता विभाग उभारण्याची तरतूद आहे. या विभागांची आखणी करताना व्हेंटिलेटरच्या संख्येबरोबरच डायलिसिसच्या सोयीचाही विचार होणे अगत्याचे आहे.

संकटातून वाचलेल्या रुग्णांपैकी अनेकांची मूत्रपिंडे सावरतात. काहींमध्ये मात्र जुनाट विकार मागे राहतो. त्यामुळे घरी गेल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आवश्यक असते. साथीच्या काळात महागड्या यंत्रांची चर्चा होते व ती योग्यही आहे. परंतु मोजपात्रातील लघवीची दर तासाची नोंद हे कमी खर्चाचे साधन लहानातल्या लहान रुग्णालयालाही परवडते. ती नोंद वेळेवर वाचली गेली, तर डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच अनेकांचे मूत्रपिंड वाचू शकेल.