टाकीतला शत्रू आधी ओळखा

तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमहून बोलतोय. फौजेतला एक नियम माझ्या प्रवाळाच्या टाकीलाही लागू पडतो: ओळख पटल्याशिवाय गोळी चालवायची नाही.

रात्री दिवे मालवा, टॉर्च आणि भिंग घेऊन काच बघा. उड्या मारणारे पांढरे ठिपके म्हणजे कोपेपॉड. ते माशांचं खाणं, त्यांना राहू द्या. दगडावर इवल्या नारळाच्या झाडासारखं तपकिरी काही डुलतंय? तो एप्टेशिया. तोडू नका, उरलेल्या तुकड्यातून नवे उगवतात. पेपरमिंट कोळंबी बहुधा त्याला खाते.

तांबूस चपटे किडे असतील, तर औषधाआधी सायफनने निघतील तितके काढा. ते एकदम मेले, तर त्यांचं विष पाण्यात उतरतं आणि मासे दगावतात. म्हणून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि बदलायचं खारं पाणी तयार ठेवा. तांब्याचं औषध मात्र कधीच नको. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ, सगळेच जातात.

नवा दगड महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. आणि मन्नारच्या आखातातून प्रवाळ उचलून आणू नका. दगडी प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

किडा आत शिरल्यावर लढण्यापेक्षा दाराशी पहारा बसवलेला बरा.