त्याची आठवण, तिची शाळा

(पालक आणि तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेतल्या क्रशवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतली मुलं हसली आणि पुढच्या रांगेतल्या पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला दोघांशीही बोलायचं आहे. पण पालकांशी जरा जास्त.

आधी शब्दाबद्दल. मी सोलापूरची. घरी दखनी, शाळेत मराठी. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला वर्गातलं कुणी आवडतं, एवढ्याशा गोष्टीसाठी आमच्याकडे साधा शब्द नव्हता. मराठीत होतं लफडं, भानगड, प्रकरण. घरी होतं चक्कर. नाहीतर एकदम प्रेम. म्हणजे एक तर गुन्हा, नाहीतर थेट लग्नाची बोलणी. मधलं काहीच नाही. क्रश हा शब्द इंग्रजीतून आला म्हणून नाकं मुरडली जातात, पण त्या शब्दाने एक काम केलं. छोट्या गोष्टीला छोटं नाव दिलं.

ही गोष्ट मोबाइलमुळे सुरू झाली, असं पुष्कळ पालक मला सांगतात. तसं नाही. 1996 साली मार्था मॅक्लिंटॉक आणि गिल्बर्ट हर्ट या शिकागो विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी एक लेख प्रसिद्ध केला. पहिल्यांदा कुणाबद्दल ओढ वाटली ते वय मोठ्या माणसांना विचारलेल्या अभ्यासांतून सरासरी दहाच्या आसपास येत होतं, स्त्रियांचंही आणि पुरुषांचंही. तेव्हा मुलांच्या हातात फोन नव्हते. तुम्ही, मी, आपले वडील, सगळे त्या वयातून गेलो आहोत. फरक इतकाच की आपण ते विसरलो, किंवा आपल्याला हवं तसं लक्षात ठेवलं.

माझंच सांगते. सातवीत मला एक मुलगा आवडायचा. का, तर तो नकाशे सुंदर काढायचा. कोकणची किनारपट्टी अशी काढायचा की खाडीन् खाडी दिसावी. त्याच्यामुळे मी भूगोलाच्या वहीला कव्हर घातलं आणि रंगीत पेन्सिली घेतल्या. वर्षभरात आम्ही दहा वाक्यं बोललो असू. मी हे फक्त नानीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हौ क्या? पढने में कैसा है वो?" मी म्हटलं, हुशार आहे. तर म्हणाली, "फिर तू उससे ज्यादा नंबर ला." विषय संपला. आठवीत तुकड्या बदलल्या आणि तो आवडणं कधी थांबलं ते मला कळलंही नाही. नानी शाळेत गेली नव्हती. पण मुलीचं ऐकून घ्यायचं, घाबरायचं नाही आणि तिच्या अभ्यासावर पाणी पडू द्यायचं नाही, हे तिला येत होतं.

सगळ्याच घरांत नानी नव्हती. आमच्या गल्लीतली एक मैत्रीण दुसऱ्या तुकडीत होती. तिची परवानगी घेऊन सांगते, नाव सांगत नाही. आठवीत तिच्या वहीत एका मुलाची चिठ्ठी सापडली. चिठ्ठी त्याने लिहिलेली होती, तिने उत्तरही दिलं नव्हतं. दोघांच्या घरच्यांना बोलावणं गेलं. त्याला दोन छड्या मिळाल्या आणि दुसऱ्या दिवशी तो बाकावर होता. ती परत आली नाही. सतरा पूर्ण व्हायच्या आत तिचं लग्न झालं.

वीस वर्षांनी आमच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. एका रात्री कुणाला कोण आवडायचं याच्या आठवणी सुरू झाल्या. बाकावर करकटकने कोरलेली अक्षरं, फ्लेम्स खेळून काढलेले निकाल, शिक्षा म्हणून मुलींना बांधायला लावलेल्या राख्या. लिहीत होते बहुतेक मुलगेच. त्या मुलानेही चिठ्ठीचा किस्सा लिहिला, छड्यांसकट. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. मग एका बाईने विचारलं, "तिचं पुढे काय झालं?" ग्रुप गप्प झाला. ग्रुप दहावीच्या बॅचचा होता. ती दहावीपर्यंत पोचलीच नव्हती, त्यामुळे उत्तर द्यायला ती तिथे नव्हती.

त्याने मला फोन केला. तिच्या वडिलांची बदली झाली, असं त्यांना वर्गात सांगितलं होतं. वीस वर्षं तो तेच खरं मानून होता. तो वाईट माणूस नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही.

मी संगणकावर काम करते. तिथे लॉग फाइल असते, घडलं ते वेळेसकट नोंदलेलं. ती कितीदाही उघडून वाचा, बदलत नाही. माणसाची आठवण तशी नसते. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने 1932 सालच्या पुस्तकात दाखवून दिलं की माणूस आठवतो म्हणजे पुन्हा रचतो. अवघड भाग गळतो, ओळखीचा साचा उरतो. शाळेतल्या क्रशचा आपला साचा ठरलेला आहे: गंमत, छड्या, हुरहुर. आणि तो साचा मुलांचा आहे. मिलिंद बोकील यांची 'शाळा' आपण सगळ्यांनी प्रेमाने वाचली. नववीतला मुकुंद जोशी ती सांगतो. शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्याच डोळ्यांनी. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्याचा अपमान आपल्याला आतून जाळतो, आणि जाळायलाच हवा. पण शालूच्या मनात काय चाललं होतं, ते आपल्याला कळत नाही. या कलाकृतींना मी दोष देत नाही, त्या मला फार आवडतात. मी एवढंच म्हणते की अर्धी गोष्ट अजून सांगायची आहे.

ती अर्धी गोष्ट आकड्यांत थोडी दिसते. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न 18 वर्षांच्या आत झालं होतं. कारणं अनेक आहेत: गरिबी, स्थलांतर, जवळ हायस्कूल नसणं. पण घरोघर बसून बोललं की एक वाक्य हमखास येतं, "उद्या काही झालं तर?" त्या 'काही'मध्ये बऱ्याचदा एक चिठ्ठी असते, नाहीतर नुसती एक नजर. आणि मुलगा दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा निघाला, तर चिठ्ठीचीही गरज उरत नाही.

आता कायद्याबद्दल, कारण पालक विचारतात. 2012 च्या पॉक्सो कायद्यात 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. सोळा ते अठरा वयातल्या, संमती असलेल्या संबंधांचं काय करायचं, यावर न्यायालयांत वाद चालू आहे. 2023 साली विधी आयोगाने आपल्या 283 व्या अहवालात संमतीचं वय कमी करू नये असं सांगितलं, पण अशा प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायालयाला काही मुभा असावी असंही सुचवलं. तो वाद गंभीर आहे. पण त्याचा आजच्या विषयाशी गोंधळ करू नका. कुणी आवडणं हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही.

याच्या उलट बाजूकडेही बघा. मोठा माणूस तेरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला गुपचूप मेसेज करत असेल, तर तो क्रश नाही, तो धोका आहे. मूल ते घरी केव्हा सांगेल? वर्गातला मुलगा आवडतो हे साधं वाक्य घरात चालत असेल, तेव्हाच. ज्या घरात दोन्हींना लफडं हाच शब्द आहे, तिथे मूल दोन्ही लपवतं. आपण धाकाला सुरक्षितता समजतो, आणि धाकामुळेच मूल एकटं पडतं.

म्हणून पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. मुलाने किंवा मुलीने असं काही सांगितलं तर पहिल्या दिवशी फक्त ऐका. दुसरं, मुलाला हेही शिकवा की समोरची मुलगी गप्प आहे म्हणजे ती हो म्हणते असं नाही. तिने नको म्हटलं की तिथे थांबायचं. आणि तिसरं, काहीही झालं तरी शाळा बंद करणं हा उपाय यादीतून काढून टाका. शिक्षकांनाही हेच सांगा. एखाद्या मुलीची जागा रिकामी दिसली तर बदलीची गोष्ट ऐकून गप्प बसू नका, तिच्या घरी जा.

गेल्या महिन्यात मी मैत्रिणीकडे गेले होते. ती आता शिवणकाम करते, तिची मुलगी नववीत आहे. मी विचारलं, या भाषणात तुझं काय सांगू? मशीन थांबवून ती म्हणाली, "मला तो आवडायचा की नाही, हे आजवर मला कुणी विचारलंच नाही. तेवढं सांग."

ते सांगितलं.