किरकोळ मिळकत आणि पती-पत्नीचा निम्मा वाटा



पगाराची नोंद प्राप्तिकराच्या विवरणपत्रात बहुधा बिनचूक होते. चूक होते ती पगाराबाहेरील मिळकतीत. सल्ल्याची फी, सुटीत केलेल्या कामाचा मोबदला, मुदतठेवीचे व्याज यांना ‘वरचे चार पैसे’ म्हणून सोडून देण्याकडे अनेकांचा कल असतो. कायद्याला हा भेद मान्य नाही. नेमाने केलेल्या स्वतंत्र कामाचे उत्पन्न ‘धंदा किंवा व्यवसाय’ या शीर्षाखाली येते. व्याज व प्रासंगिक मानधन ‘इतर मार्गांनी मिळालेले उत्पन्न’ या शीर्षाखाली दाखवावयाचे असते.

गोमंतकात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेली पती-पत्नींच्या समाईक मालमत्तेची पद्धत येथे रूढ आहे. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५अ ने तिची दखल घेतली व १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमातही ती तरतूद आहे. तीनुसार पगाराखेरीज अन्य उत्पन्न पती व पत्नी यांच्यात समसमान विभागले जाते. विवाहापूर्वी करार करून मालमत्ता विभक्त ठेवणाऱ्यांना अर्थातच हा नियम लागू नाही.

समजा, डिचोलीतील एका निवृत्त अभियंत्यास सल्ल्यापोटी वर्षाला १,००,००० रुपये फी ठरली. देणाऱ्याने १०,००० रुपये टीडीएस कापून ९०,००० रुपये दिले. ‘कर कापला गेला, प्रश्न मिटला’ अशी त्या गृहस्थांची समजूत होणे स्वाभाविक आहे. पण ती चुकीची ठरेल. हिशेबात ९०,००० नव्हे, पूर्ण १,००,००० रुपये धरावे लागतात. प्रवास, नकाशे इत्यादींचा रास्त खर्च २०,००० रुपये वजा जाता ८०,००० उरतात. त्यांतील ४०,००० पतीचे, ४०,००० पत्नीचे. टीडीएसही ५,०००-५,००० असा वाटला जातो. पतीचे निवृत्तिवेतन मात्र पगारात मोडत असल्याने त्याचे विभाजन होत नाही. पत्नी शिवणकाम करीत असेल, तर तिच्या नफ्याचा अर्धा भाग पतीच्या उत्पन्नात मिळविला जातो.

यासाठी विवरणपत्रात स्वतंत्र परिशिष्ट असते. त्यात जोडीदाराचे नाव, पॅन व वाटून दिलेली रक्कम भरावी. खरी हानी होते ती पुढच्या पायरीवर. पतीने निम्मी रक्कम दाखविली, पण ‘तिला कर लागतच नाही’ म्हणून पत्नीने विवरणपत्र भरलेच नाही, तर तिच्या वाट्याचे ५,००० रुपये परत मिळत नाहीत. गृहिणीच्या हक्काचा पैसा केवळ अनास्थेमुळे सरकारजमा राहतो. उलट, पूर्ण टीडीएस पतीने मागितल्यास हिशेब जुळत नाही व नोटीस येण्याचा संभव असतो.

म्हणून प्रत्येक पावती जपून ठेवावी, वार्षिक माहिती विवरणातील नोंदी ताडून पाहाव्यात आणि वर्षअखेर पती-पत्नींनी एकत्र बसून हिशेब करावा. कायद्याने जे दोघांचे मानले आहे, त्याची माहितीही दोघांना असणे हितावह होय.