परमुलुखांतील भाऊबंद



बाल्टिक समुद्राच्या कांठीं लिथुएनिया नांवाचा एक लहानसा देश आहे. एकोणिसाव्या शतकांत तो रशियाच्या झारच्या सत्तेखालीं होता. १८६७-६८ सालीं तेथें दुष्काळ पडला, आणि शेतकऱ्यांचे तरुण मुलगे अमेरिकेची वाट धरूं लागले. पुढें सक्तीची लष्करभरती चुकविण्यासाठींहि पुष्कळ जण निघाले. पहिल्या महायुद्धापूर्वीं असे सुमारें ३ लाख लोक तेथें गेले असावेत, असा अंदाज आहे. त्यांपैकीं पुष्कळांना पेनसिल्व्हेनियांतील कोळशाच्या खाणींत आणि शिकागोच्या कत्तलखान्यांत काम मिळालें. या लोकांनीं स्थापन केलेल्या परस्परसाहाय्यक मंडळांविषयीं आज मी बोलणार आहें.

खाणींत दरड कोसळून मजूर दगावला, तर त्याच्या विधवेला हक्कानें मागतां येईल अशी भरपाई त्या काळीं बहुधा नसे. अप्टन सिंक्लेअर यांच्या १९०६ सालच्या ‘द जंगल’ या कादंबरींतील कुटुंब लिथुएनियनच आहे. नायकाचा पाय मुरगळतो, मजुरी बंद होते, आणि साऱ्या घरावर उपासमारीची पाळी येते. कथा कल्पित असली तरी तींतली भीति खरी होती. गांवीं असतां अशा प्रसंगीं भाऊबंद धांवून आले असते. परमुलुखांत भाऊबंद आणावे कोठून?

ते त्यांनीं वर्गणी भरून मिळविले. जेथें जेथें या लोकांची वस्ती झाली तेथें तेथें मंडळें निघालीं. त्यांतील कित्येकांना एखाद्या साधुपुरुषाचें नांव असे. सभासदानें नियमानें थोडी वर्गणी भरावी. तो आजारी पडला तर मंडळानें त्याला मदत द्यावी. तो वारला तर दफनाचा खर्च करावा, आणि इतर सभासदांनीं प्रेतयात्रेस जावें, अशी ही सरळ व्यवस्था होती. मात्र तींत एक उणीव होती. एकाच खाणींत मोठा अपघात झाला, तर लहान मंडळाचा खजिना एका दिवसांत रिता होई. धोका अनेक गांवांत वांटला गेला तरच तो पेलतो. १८८६ सालीं पेनसिल्व्हेनियांतील प्लिमथ येथें या लोकांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली, आणि तिच्या शाखा गांवोगांव पसरल्या.

परंतु या मंडळांनीं पैशापेक्षांहि मोठें असें कांहीं दिलें. झारच्या सरकारनें १८६४ पासून लिथुएनियन भाषा रोमन लिपींत छापण्यास बंदी केली होती, आणि ती १९०४ पर्यंत टिकली. मायदेशीं पुस्तकें प्रशियांतून चोरून आणावीं लागत. अमेरिकेंत मात्र १८७९ सालींच न्यूयॉर्क येथें या भाषेंतील वर्तमानपत्र निघालें, आणि १८९६ पासून संघटनेचें ‘तेवीने’, म्हणजे ‘मातृभूमि’, हें मुखपत्र सुरू झालें. ज्यांचे बाप १८६१ पर्यंत जमीनदारांचे भूदास होते, तेच आतां अध्यक्ष निवडूं लागले, खजिनदाराकडे हिशेब मागूं लागले आणि ठराव मांडूं लागले. स्वराज्याचे पहिले धडे त्यांनीं आजाऱ्यांच्या फंडाच्या वहींत गिरविले, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

भांडणेंहि झालीं. धर्मनिष्ठ कॅथॉलिक आणि स्वतंत्र विचारांचे लोक यांचें पटेना, व १९०१ सालीं संघटनेचे दोन तुकडे झाले. तरीहि मृताच्या कुटुंबास साहाय्य करण्याचें कार्य दोन्ही बाजूंनीं चालूच ठेविलें. मतभेद झाले तरी विधवेचा हक्क बुडूं नये, एवढें शहाणपण त्यांनीं राखलें.

पुढें काळ बदलला. १९११ पासून एकामागून एक संस्थानांनीं कामगारांच्या भरपाईचे कायदे केले. १९२४ च्या कायद्यानें नव्या लोकांचें येणें फारच कमी झालें. १९३५ सालीं मध्यवर्ती सरकारनें सामाजिक विम्याचा कायदा केला. मुलेंबाळें इंग्रजी बोलूं लागलीं, आणि मंडळांची गरज ओसरली. बाल्टिमोर येथें १९२१ सालीं बांधलेलें त्यांचें सभागृह मात्र अजून उभें आहे.

सरकारी मदत ही चांगलीच गोष्ट आहे. ती मिळूं लागल्याचें कोणास दुःख होऊं नये. पण सरकार पैसे धाडतें, प्रेतयात्रेंत चालावयास येत नाहीं. त्या खाणमजुरांनीं या दोन्ही गोष्टी एकाच वर्गणींत बसविल्या होत्या. शेजारधर्म जपण्यासाठीं मोठें धन लागत नाहीं. चोख हिशेब आणि एकमेकांवरील विश्वास लागतो, हें त्यांच्या इतिहासावरून आपणांस दिसून येईल.