चिमणी कुणाच्या मागे गेली?

(कापडे, ता. पोलादपूर येथील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही कापूस-ज्वारीच्या मुलखातून घाट उतरून या भाताच्या गावात आलात. काल रात्री जेवताना तुमच्यातल्या एकाने विचारले, "भाऊ, या घराच्या वळचणीला एवढ्या चिमण्या, आणि शेजारच्या चांगल्या कौलारू घरात एकही नाही. असं का?" शेजारच्या घराला कुलूप आहे. माणसे मुंबईला. तिथे कोणी तांदूळ पाखडत नाही, नाचणी वाळत घालत नाही. माणूस गेला की चिमणीही जाते.

हे नाते जुने आहे. 2018 साली शास्त्रज्ञांनी घरचिमणीची तिच्या रानात राहणाऱ्या भाऊबंदांशी तुलना केली. घरचिमणीच्या अंगात पिठूळ दाणा पचवण्याशी संबंधित बदल त्यांना सापडला, आणि तो सुमारे 11 हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे माणूस शेती करू लागला त्या सुमाराचा निघाला. आपण धान्य पेरले, आणि तिने घर बदलले.

तिचा संसार तुम्ही पाहिलेलाच आहे. भिंतीचे भोक, आढ्याची फट, नाहीतर फोटोची मागची बाजू. तिथे गवत, काथ्या, पिसे कोंबायची. 3 ते 5 अंडी. साधारण 11 ते 14 दिवसांत पिले, पुढे दोन आठवड्यांत ती उडाली, की लगेच दुसरी वीण. जोडीदार मेला तरी घरटे रिकामे राहत नाही. सालिम अली लहान असताना, 1906-07 च्या सुमारास, चेंबूरला तबेल्याजवळच्या एका घरट्यावरचा नर त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने टिपला. मादीला दुसरा मिळाला. तोही टिपला. सात दिवसांत आठ नर झाले! पोराचा क्रूर खेळ खरा, पण त्याने टिपण ठेवले, म्हणून आज आपल्याला ते कळते.

आता मुद्द्याची गोष्ट. कोवळ्या पिलाला दाणा चालत नाही. त्याला अळ्या, मावा, नाकतोडे लागतात, आणि आईबाप दिवसभर तेच आणतात. कृषी पदवी घेताना मी चिमणी फक्त 'पक्ष्यांमुळे होणारे नुकसान' या सदरात वाचली होती. पिलाच्या चोचीत काय जाते, हे पुढे वळचणीखाली बसून पाहिले.

याच अळीसाठी चिमणी परमुलखात गेली. न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनला झाडांवर सुरवंट माजले, म्हणून 1851 च्या सुमारास इंग्लंडहून चिमण्या आणून सोडल्या. पहिल्या टिकल्या नाहीत, पुन्हा आणल्या. मग घोड्यांच्या लिदीतले दाणे, रेल्वेच्या डब्यातून सांडलेले धान्य खात खात त्या देशभर पसरल्या. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथेही 1860 च्या दशकात माणसानेच नेल्या. आणि 1889 साली अमेरिकेच्या कृषी खात्याने जाडजूड ग्रंथ काढून सांगितले, हा पक्षी मुख्यतः धान्य खातो, नुकसानीचा आहे! आणताना शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते.

चीनमध्ये उलटे झाले. 1958 साली सरकारने उंदीर, माशी, डास आणि चिमणी हे चार शत्रू ठरवले. ही चिमणी आपल्या घरचिमणीची चुलत बहीण. लोकांनी थाळ्या-ढोल बडवून तिला टेकू दिले नाही. दमून ती खाली पडे. पुढे पिकावर किडी वाढल्या, आणि 1960 साली यादीतून चिमणी काढून ढेकूण घालावा लागला. त्या काळातला भीषण दुष्काळ एकट्या चिमणीमुळे आला असे मी म्हणणार नाही. राजधानीतून शेती चालवण्याचे पाप मोठे होते.

म्हणजे चिमणी मित्र की शत्रू, हे महिना पाहून ठरते. पिले असतात तेव्हा ती अळ्या नेते. मात्र बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत तिची चोच पोचत नाही, तेव्हा कापूस तिच्या भरवशावर सोडू नका. ज्वारीचा दाणा दुधात आला की ती खातेच, आणि गोफण घ्यावीच लागते.

पण तुमचे नुकसान वाढले ते चिमण्या वाढल्या म्हणून नव्हे. पूर्वी अख्ख्या शिवारात ज्वारी असे. पाखरे वाटली जात. आता चहूकडे कापूस नि सोयाबीन, मध्ये एकट्याचे दोन एकर. गावची सगळी पाखरे त्याच्याच कणसांवर. तो कंटाळतो, पुढच्या साली ज्वारी सोडतो. मग पाळी शेजाऱ्याची. कडबा विकत, घरची भाकरीही विकत!

राखण एकट्याने परवडत नाही. ज्वारीवाल्यांनी लागून असलेल्या वावरांत, एकाच आठवड्यात, एकाच मुदतीचे वाण पेरले तर दाणा एकदमच भरतो. पाखरे वाटली जातात आणि माळ्यावर पाळीपाळीने बसता येते. यंदा कोण कोण ज्वारी पेरणार, ते गाववार हात वर करून सांगा. जेवणाआधी पेरणीचा आठवडा इथेच ठरवू.